कोंडीचा घोडा

घोडा सोमीला कधीच जमला नव्हता. लग्नघराच्या भिंतीवर काढायच्या चौकाची साखळी तिनं सकाळपासून भरत आणली होती. फणी झाली, शिडी झाली, मधली देवी झाली. देवीच्या उजव्या अंगाला सूर्य आला, डाव्या अंगाला चंद्र आला. पण नवरदेवाचा घोडा काढायला घेतला की हातातली बांबूची काडी जड व्हायची. तांदळाचं पीठ भिंतीवरून ओघळलं. तिनं ओल्या फडक्यानं घोडा पुसला आणि पुन्हा काढला. या खेपेला तो शेळीसारखा दिसायला लागला.

शेजारच्या बाया म्हणाल्या, राहू दे आता तसाच, लगीन घोड्याचं थोडंच हाय. सोमी हसली नाही. आपल्या एकुलत्या एका पोरीच्या लग्नात तरी भिंतीवर धड घोडा असावा, एवढंच तिला वाटत होतं. आणि तो काढता येणारी बाई दहा पावलांवर अंगणात बसून तांदूळ निवडत होती, हेही तिला ठाऊक होतं.

ती बाई म्हणजे तिची सासू, कोंडी. सोमीचा नवरा धाऊ, त्याचा बाप गेला तेव्हापासून कोंडीनं लग्नाच्या भिंतीला हात लावला नव्हता. चौक सवाशिणीनं काढायचा, कपाळ पुसलेल्या बाईनं नाही. त्याआधी कशेळ्याच्या वरच्या अंगाला एवढ्या वाड्या, त्यांतल्या कुठल्याही घरात लग्न असलं की कोंडीला बोलावणं यायचं. तिचा घोडा कुणालाही लांबून ओळखता यायचा. घोडा पुढं चाललेला, पण मान मागं वळलेली. कुणी विचारलं तर ती सांगायची, नवरा पुढं चालला तरी मागं बघतोय, नवरी येती का नाय ते. कोंडीचा नवरा गेला आणि चौकाचं काम सुनेकडं आलं. सोमीनं इतक्या वर्षांत शंभर चौक काढले असतील, तरी लोक अजून म्हणायचे की कोंडीच्या हाताची सर नाही. हे ऐकून सोमी कंटाळली होती. सासूचा राग राग करूनही कंटाळली होती.

दुपार कलल्यावर वऱ्हाड आलं. नवऱ्यामुलाची माणसं घाटातल्या ठाकुरवाडीची. नवशा नवरामुलगा, त्याचा बाप पोशा रेल्वेच्या रुळांवर मजुरीला होता. त्या साली घाटात विजेच्या गाडीसाठी खांब रोवायचं काम जोरात होतं, त्यामुळं पोशाला सुट्टी कशीबशी मिळाली होती. ही सगळी मंडळी गाडीनं कर्जतपर्यंत उतरली आणि तिथून उन्हातून चालत आली. हातपाय धुऊन, गुळपाणी घेऊन पुरुषमाणसं मांडवात जांभळीच्या सावलीला टेकली. कुणी तरी कर्जतच्या टेसनाबाहेर घेतलेला नवा कोरा पत्त्यांचा जोड काढला. झब्बूचा डाव सुरू झाला.

सोमी आत हळद कालवत होती. तेवढ्यात पोशाची म्हातारी आई, बुधी, वाकून आत आली. तिनं भिंतीवरचा चौक एकदा नीट बघून घेतला. मग तिनं लुगड्याच्या घडीतून एक पत्ता काढला आणि सोमीच्या हातावर ठेवला. पत्ता पाठमोरा होता.

तळहाताएवढ्या जागेत, पांढऱ्यावर लाल रंगात, सगळा चौक होता. साखळी होती, फणी होती, शिडी होती, मधे देवी होती. घोडा होता आणि त्याची मान मागं वळलेली होती. आणि या सगळ्याच्या खाली तोच सगळा चौक पुन्हा एकदा होता, पायाला पाय लावून, उलटा. देवीचं डोकं खाली.

"घोडा वळखतेस का गं?" बुधीनं विचारलं.

 सोमीनं तो बघताक्षणीच ओळखला होता.

"मी बी कपाळ पुसलेलीच हाय," बुधी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मी लग्नाच्या भितीला हात लावत नाय. तुझ्या सासूनं लावला का, येवढं सांग. ही देवी तिकडं आमच्या पोरांच्या टाचंखाली पडलीया. खाली डोकं वर पाय. अशा घरातली पोर आमी न्यायची, तर इचारून नेऊ."

सोमीनं सांगितलं की मला ठाऊक नाही, विचारते. हळदीचं भांडं तसंच ठेवून ती मागच्या दारानं बाहेर पडली. उंबऱ्याजवळ जना बसली होती, अंगाला हळद लागलेली, आईच्या तोंडाकडं बघत. सोमीनं तिच्याकडं बघायचं टाळलं. वऱ्हाड मांडवातून माघारी गेलं, तर या पोरीला पुन्हा कोण विचारणार होतं.

*

सोमीचं ऐकून धाऊनं धाकट्या भावाला, शुक्राला, दंडाला धरून गोठ्यामागं नेलं. धाऊ मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हता. नांगर धरून धरून त्याची पाठ वाकली होती आणि बोलणंही तसंच वाकून, खाली बघून असायचं.

"पत्त्यावरचं त्ये आयेनं काढलंय?"

शुक्रानं मान डोलावली. 

खोपोलीच्या वाटेवर एक शिळाछापखाना होता. तिथं शुक्रा दगड घासायला होता. चित्र ज्या दगडावर चढवायचं तो दगड वाळू टाकून, पाणी टाकून दुसऱ्या दगडानं घासायचा, जुनं चित्र पार जाईपर्यंत. दिवसभर तेच. बोटांची कातडी सोलून निघायची. दोन पावसाळ्यांमागं शेठला पत्त्यांच्या पाठीसाठी नवी नक्षी हवी होती. पंखवाल्या गोऱ्या बाया आणि विलायती फुलं सगळेच छापतात, काही तरी निराळं पाहिजे, असं तो मुकादमाला म्हणत होता. शुक्रा दगड घासता घासता बोलून गेला, की मला येतं. कसं बोलून गेला ते त्यालाही कळलं नाही. मुकादमानं त्याला खळ लावलेला पिवळट कागद दिला आणि तेलकट शाई दिली; त्यावर काढलेलं चित्र दगडावर दाबलं की तिथं उमटायचं.

तो कागद घेऊन तो घरी आला. आईला म्हणाला, ही भिंत नाही, कागद आहे. हे पीठ नाही, शाई आहे. कुणाचं लग्न नाही, मग विटाळ कसला. कोंडी बराच वेळ कागदाकडं बघत राहिली होती. नंतर तिनं त्याला बांबूची काडी तासून आणायला सांगितलं होतं. घरामागं, चिंचेखाली, दुपारच्या वेळी बसून तिनं चौक काढला. काढताना ती पुटपुटत लग्नातला धवळा गात होती. इतक्या वर्षांत शुक्रानं तिला गाताना ऐकलं नव्हतं. चित्र कुठं लागणार, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, छापून लांब लांब लोकांच्या घरी जाईल. ते खोटं नव्हतं.

त्यानंतर छापखान्यात, चित्र त्याचंच समजून, त्याला चितारी म्हणायला लागले. त्यानं ते घरीही येऊन सांगितलं. धाऊनं त्या वेळी वाडीत गूळ वाटला होता.

"तूच काढलंय म्हनायचं," धाऊ म्हणाला.

"मी?"

"मंग कोन? चितारी तूच ना? पुरुषानं काढलं तर लई तर हसतील. आयेनं काढलं म्हनलं तर उठून जातील. माझी पोर हळद लावून बसलीया, शुक्रा."

शुक्राला नाही म्हणायचं कारण नव्हतं. इतके दिवस तो तेच सांगत आला होता. तो मांडवाकडं चालू लागला.

*

मांडवात पत्ते थांबले होते. पोशाला हा तंटा नको होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो पहाटेपासून उपाशी होता आणि उद्या रात्रपाळीच्या आधी त्याला घाटात परत पोचायचं होतं. पण आईपुढं बोलायची त्याची छाती नव्हती. त्यानं शुक्राला विचारलं, आणि शुक्रानं सांगितलं की होय, मी काढलं. आईचे चौक लहानपणापासून बघत आलोय, त्यावरून काढलं.

वऱ्हाडातला एक जण म्हणाला, आता पुढच्या लग्नाला धवळे गायलाही यालाच बोलवू, नथ घालून. पोरं हसली. पोशाही हसला, जरा मोकळा झाला.

बुधी हसली नाही. ती म्हणाली, "काढून दाखीव."

अंगण शेणानं सारवलेलं होतं. सोमीनं भांड्यात उरलेलं पीठ आणून दिलं. देताना ती दिराच्या कानाशी एवढंच म्हणाली, "नीट काढा, भावजी."

कोंडी तांदळाचं सूप मांडीवर घेऊन तिथंच बसली होती. तिला कुणी उठ म्हटलं नव्हतं, बस म्हटलं नव्हतं. काय चाललंय ते तिला अर्धंच कळत होतं. बुधी तिच्याजवळ येऊन टेकली आणि तिनं तसलाच एक पत्ता सुपातल्या तांदळावर ठेवला.

कोंडीची नजर जवळचं बघायला अधू झाली होती. तिनं पत्ता लांब धरला. आधी तिला आपला घोडा दिसला. आपला घोडा किती बारीक, किती स्वच्छ छापलाय, एक रेघ मोडलेली नाही. इतके दिवस ती मनात धरून होती की लांबच्या गावी, चुन्याच्या भिंतीवर, कुणाच्या तरी घरात आपली देवी उभी असेल. कामावरून थकून आडवं पडलं की ती त्या न पाहिलेल्या भिंतीचा विचार करायची.

मग तिला खालची देवी दिसली.

तिनं पत्ता फिरवला. खालची वर आली आणि वरची खाली गेली. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. कसाही धरला तरी एक देवी उभी आणि एक डोक्यावर. मी तर एकच काढली होती, कोंडीच्या मनात आलं. मी उभी काढली होती. मांडवातल्या घोंगडीकडं तिनं बघितलं. तिथं तसे सगळे पत्ते पसरले होते, तंबाखूच्या थुंकीशेजारी.

शुक्रानं काढायला सुरुवात केली होती.  साखळी भराभर पडत गेली, फणीचे दात पडले, शिडी पडली. बाया पुढं सरकल्या. धाऊनं श्वास सोडला. पोराला येतंय, असं त्याला वाटलं, आणि क्षणभर आपण खोटं बोललोच नाही असंही वाटलं.

पण कोंडीला दिसलं. सूर्य डाव्या अंगाला पडला होता. चंद्र उजव्या अंगाला. शिडी फणीच्या जागी होती आणि फणी शिडीच्या. घोडा आला तो डावीकडं चाललेला, मान उजवीकडं वळलेली. पाण्यात बघितल्यासारखा सगळा चौक फिरला होता. शुक्राला त्याचा पत्ताच नव्हता. तो मन लावून काढत होता. त्याचं बोलणं नसेल खरं, पण हे काढणं खरं होतं. हे त्यानं कुठं तरी पुष्कळ दिवस बघितलं होतं.

सूर्य तिकडं नाय रं, उजव्या अंगाला घे. शब्द कोंडीच्या ओठावर आले. उंबऱ्यात जना उभी होती, हळदीनं पिवळी. कोंडीनं तोंड मिटलं आणि सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

बुधी उठून चौकाभोवती फिरली. कोंडीच्या हातातला पत्ता घेऊन तिनं तो चौकाशेजारी धरला.

"सूर्य इकडं, आन तुझा तिकडं. घोडा इकडं चालला, आन तुझा तिकडं. सोता काढलंस म्हनतोस, आन काय कुठं हाय त्ये ठावं नाय?"

 शुक्रानं पत्त्याकडं बघितलं, जमिनीकडं बघितलं. मग तो दमलेल्या आवाजात समजावू लागला. दगडावर चित्र उलटंच असतं. उजवं ते डावं, डावं ते उजवं. तेव्हा कुठं कागदावर सुलटं छापतं. महिनाभर त्या दगडावर वाकून त्यानं तुटलेल्या रेघा जुळवल्या होत्या. त्याच्या डोळ्यात दगडावरचाच चौक बसला होता.

हे ऐकून पोशाला जोर आला. तो म्हणाला, "आये, खरं बोलतोय त्यो. टेसनात मास्तरचा शिक्का मी बघितलाय. त्यावर बी अक्षरं उलटी असतात. मास्तरनं मारला की सुलटी."

पुरुषांना पटलं. रुळांवरच्या माणसांनी शिक्का बघितला होता. एक जण म्हणाला, पोरगं कसबी आहे, उगाच नाडू नका. आता फक्त बुधी उरली. तिनं शुक्राला सोडलं आणि ती कोंडीकडं वळली.

"तू बोल, कोंडे. तुझ्या तोंडानं बोल. ह्यो तुझा हात हाय का?"

तांदूळ निवडणारी बोटं थांबली. धाऊ खाली बघत होता. शुक्रा हातावरचं पीठ पुसत होता. दोघांपैकी एकानंही आईकडं बघितलं नाही. बघितलं ते सोमीनं. आजवर या घरात सासूची बाजू तिनं कधी घेतली नव्हती, घ्यावी असं वाटलंही नव्हतं. पण त्या वेळी तिला वाटलं, आपण काही तरी फार महाग या म्हातारीकडून मागतोय आणि तिला विचारतही नाही.

"नाय," कोंडी म्हणाली.

"घोडा?"

"घोडा माझा बघून काढला त्यानं. हात त्याचा. माझा नाय."

"मी लई बघितलाय तिचा हात," सोमी मधेच बोलली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "माझ्यापेक्षा जास्त कुनाला ठावं? ह्यो तिचा नाय."

बुधी दोघी सासूसुनांकडं बघत राहिली. मग घोंगडीवरचे पत्ते तिनं एक एक करून गोळा केले, लुगड्याच्या सोग्यात बांधले आणि कमरेला खोचले. पोरं कुरकुरली. ती म्हणाली, दुसरा जोड घ्या परत जाताना. "लगीन लावा आता. मानसं उपाशी हायत."

*

लग्न लागलं. जेवणं झाली. धाऊ पंगतीत वाढत फिरत होता आणि ज्याला त्याला आग्रह करत होता. एरवी तो कधी आग्रह करायचा नाही. सगळं निभावलं असं तो मनाशी म्हणत होता. पण आईचं पान मांडलेलं दिसलं नाही तेव्हा त्यानं विचारलं नाही, दुसऱ्या पंगतीकडं गेला.

कोंडी पाण्याच्या हांड्याजवळ भांडी घासत बसली होती. बुधी हात धुवायला आली आणि हात धुऊन झाल्यावरही तिथंच उकिडवी बसली.

"माझ्या पोशाच्या लग्नाचा चौक तूच काढला होतास," ती म्हणाली.

"व्हय."

"तवा बी घोडा आसाच बघत होता. लई दिवस आमी भीत सारवली नाय, त्यो जाईल म्हनून."

कोंडी राख घेऊन तपेली घासत राहिली.

"मी सगळ्यांसमूर इचारलं, कारन माझ्या मागं कुनी तरी इचारलंच आसतं. जनाला लेकरू होताना अडलं, का घरात कुनी दुखण्यानं पडलं, तर पहिलं हेच निघालं आसतं. आता निघायचं नाय." बुधी गुडघ्यावर हात टेकून उठली. "पन तू आज नाय म्हनलीस. उद्या बी नायच म्हन. मरस्तवर. पोर माझ्या घरात हाय."

कोंडीनं मान हलवली. तिला वाटलं होतं, बुधीला कळलं तर आपल्याला भीती वाटेल, नाही तर निदान रडू येईल. काहीच आलं नाही. तपेलीचं बूड अजून काळंच होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड जनाला घेऊन गेलं. पोरीला लावून दिल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलं. सोमी पडवीत भिंतीला टेकून बसली होती. धाऊ मांडवाचे डहाळे सोडवत होता. कोंडी मागच्या बाजूला घोंगडी टाकून आडवी झाली होती, तिथं शुक्रा येऊन बसला. 

"उलटी का केलीस रं?" कोंडीनं विचारलं. तिनं त्याच्याकडं तोंड केलं नाही.

तो म्हणाला, मी नाही केली. पत्त्याची पाठ कशीही धरली तरी सारखीच दिसावी लागते, नाही तर खेळणाऱ्याला पाठीवरूनच पत्ता ओळखता येतो. म्हणून चित्र अर्ध्या पत्त्यात बसवतात आणि दगडावर दोनदा चढवतात, एकदा सुलटं, एकदा फिरवून. सगळ्या पत्त्यांचं तसंच असतं.

"तुला आधी ठावं होतं?"

"व्हय."

"आन पत्ते हायत त्ये बी?"

"व्हय, आये."

 शुक्रानं पिशवीतून गुंडाळलेला कागद काढला, तसाच, खळ लावलेला, पिवळट. तो म्हणाला, तो जोड लई खपला. शेठला दुसरी पाठ पाहिजे. या खेपेला देवी नको, मीच सांगितलंय. नुसता मोर काढ. मोर उलटा झाला तर कुणाचं काय जातं. कुणाला कळणार पण नाही.

"कालच ठरलं ना," कोंडी म्हणाली. "हात तुझा हाय."

"त्ये लोकांसाठी."

"लोकांसाठीच ठरतं सगळं."

"आये, मला नाय येत." शुक्राचा आवाज खाली आला. "मी फकस्त बघून बघून काढलं. माझ्या मनातनं एक रेघ निघत नाय. शेठला कळलं तर पुन्हा दगड घासायला बसवंल. माझी बोटं बघ."

तिनं त्याची बोटं बघितली. लहानपणी याच बोटांतले काटे तिनं काढले होते. तिला त्याची दया आली, आणि दया येऊनही हात उठेना. त्यात राग नव्हता. राग यायलाही अंगात काही लागतं. जी गोष्ट आपली नाही असं वाडीसमोर, नातीसमोर सांगून टाकलं, ती आता घरामागं बसून आपली म्हणून करायची, हे तिच्यानं होणार नव्हतं. एकदा तिनं चिंचेखाली लपून काढलं होतं, पण तेव्हा ते तिचं होतं.

शुक्रानं पुन्हा विनवणी केली. तेव्हा पडवीतून सोमी उठून आली. तिनं कागद उचलला, दिराच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "भावजी, तिला पडू द्या. लई निवडलं तिनं परवापासून." मग ती सासूच्या पायथ्याशी बसली. तिथं ती याआधी कधी बसली नव्हती. 

शुक्रा तिथून गेला नाही. त्यानं कागद जमिनीवर पसरला, कडांना चार खडे ठेवले आणि काडी शाईत बुडवली. शाईचा थेंब टोकाशी जमला. तो पडायच्या आत त्यानं काडी मागं घेतली. पुन्हा बुडवली. धाऊनं मांडवाची शेवटची मेढ उपटल्याचा आवाज आला.

"आये," थोड्या वेळानं शुक्रानं विचारलं, "मोराचं आधी काय काढायचं? मान, का पाय?"

कोंडी जागी होती. तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. सोमीनं ते बघितलं आणि सासूच्या अंगावर घोंगडीचा पदर ओढला.